आमच्या पाड्याचं नाव लिहा

काही वर्षांपूर्वी आमच्या दारात आरोग्याच्या पाहणीसाठी दोन मुली आल्या होत्या. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, उन्हाने तोंडं लाल झालेली. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. मुलीने विचारलं, "आजी, तंबाखू खाता का?" सासूबाई ताडकन म्हणाल्या, "नाही गं बाई, आमच्यात कुणी शिवत नाही." मुलीने टॅबवर बोट टेकवलं आणि पुढचा प्रश्न घेतला. सासूबाईंच्या मागे खिडकीत मशेरीची डबी होती. सकाळी उठल्यावर एकदा आणि दुपारी जेवण झाल्यावर एकदा, अशी पन्नास वर्षं त्यांनी मशेरी लावली. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. मशेरी म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखूच, हे त्यांना ठाऊक होतं. पण मशेरी कुणी खात नाही, ती दातांना लावतात. विचारलं खाण्याबद्दल, म्हणून उत्तर 'नाही' आलं, आणि कागदावर एक बाई तंबाखूपासून मोकळी झाली.

मी तिथेच उभी होते आणि मध्ये बोलले नाही. मोठ्या माणसाचं उत्तर खोडायचं कसं, असा संकोच वाटला. तो संकोच चुकीचा होता. सासूबाईंच्या पिढीतल्या किती बायकांचं उत्तर असंच गेलं असेल, आणि त्यावरून कुणीतरी ठरवलं असेल की तोंडाच्या कर्करोगाची तपासणी या भागातल्या बायकांना फारशी गरजेची नाही, हा विचार माझ्या मनातून जात नाही. म्हणून हे लिहिते आहे. दहिसरच्या माझ्या शेजाऱ्यांसाठी, खाडीपलीकडच्या गोराई-मनोरी-उत्तनच्या लोकांसाठी, आणि विरारच्या पुढे डहाणूपर्यंत पसरलेल्या आपल्या किनाऱ्यावरच्या आणि पाड्यांवरच्या माणसांसाठी. आरोग्याची पाहणी करायला कुणी आलं तर दार लावून घेऊ नका. त्याला नीट उत्तर द्या, पूर्ण उत्तर द्या, आणि आपल्या वस्तीचं नाव त्याच्या कागदावर चढलं आहे का, ते बघा.

नावाचा एवढा आग्रह का, ते सांगते. दहिसर १९५७ मध्ये बृहन्मुंबईत आलं. त्याआधी ते गावच होतं. आज इथे दोन मेट्रो मार्ग येऊन मिळतात, लिंक रोडला उंच इमारती आहेत, आणि त्याच ४०००६८ या पिनकोडात डोंगराच्या अंगाला केतकीपाडा आहे, रावळपाडा आहे. पश्चिमेला कांदरपाडा, जुनं गावठाण, खाडीकडे तिवरांच्या जमिनीवर वाढलेलं गणपत पाटील नगर. राष्ट्रीय उद्यानात वारल्यांचे पाडे आहेत. खाडी ओलांडली की गोराईचा कोळीवाडा. ही सगळी माणसं सरकारी हिशेबात मुंबई उपनगर जिल्ह्यातली, आणि हा जिल्हा २०११ च्या जनगणनेत शंभर टक्के शहरी. जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा ९३ लाखांवर होती. यात ग्रामीण माणूस एकही नाही! गोराईला शेती आहे, विहिरी आहेत, गावदेवी आहे, पण कागदावर ती अंधेरीच्या इमारतींसारखीच शहरी आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ही देशातली मोठी पाहणी. १९९२-९३ पासून ती होते, आपल्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती पार पाडते. पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यातून जिल्ह्याचे आकडे मिळतात आणि ते उपयोगाचेही असतात. पण पूर्ण जिल्ह्यासाठी काही शेकडो घरं निवडली जातात. त्यात गोराईचं एखादं घर आलं तर आलं. पाड्यावरचं एखादं आलं तर आलं. मग त्या घरातली ॲनिमियाची बाई आणि लोखंडवालातली सुदृढ बाई यांची सरासरी निघते, आणि ती सरासरी बरी दिसते. निधी मागायला गेलेल्या माणसाला तीच सरासरी दाखवली जाते. पाहणीत खोट नसते. तिची जाळी मोठी आहे, आणि आपण लहान मासळी आहोत. लहान मासळी धरायची तर जाळ्याचा आस बारीक लागतो, हे खाडीकाठच्या माणसाला मी काय सांगणार?

हा अनुभव फक्त आपलाच नाही. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी ख्रिस व्हिटी यांनी २०२१ चा आपला वार्षिक अहवाल किनाऱ्यावरच्या वस्त्यांच्या आरोग्यावर काढला. ब्लॅकपूल, हेस्टिंग्ज अशी ती समुद्रकाठची गावं. एकेकाळी तिथे लोक हवा पालटायला जात. अहवालात दिसलं की तिथल्या लोकांचं आयुष्य आणि आरोग्य देशाच्या मानाने खालावलेलं आहे, आणि त्या गावांत डॉक्टर, परिचारिकाही कमी पडतात. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. व्हिटींचं म्हणणं असं की किनाऱ्यावरचं दुखणं आजवर नजरेला आलं नाही, कारण आकडे मोठ्या प्रदेशाचे गोळा होतात आणि किनाऱ्याची गरिबी आतल्या भागाच्या सुबत्तेत विरघळून जाते. एवढ्या श्रीमंत देशात हे घडतं, तर मुंबई उपनगरात काय होत असेल याचा अंदाज करा.

अंतराचंच उदाहरण घ्या. पाहणीत विचारतात, "जवळचं रुग्णालय किती किलोमीटर?" गोराई आणि बोरिवली यांच्या मध्ये फक्त खाडी आहे, नकाशावर वीतभर. पण मधे बोट आहे. दिवसा बोट मिळते. रात्री पोटात कळा सुरू झाल्या तर उत्तन-भाईंदरचा वळसा घालून यावं लागतं, आणि त्या वेळी गाडी कुणाची मिळेल हा प्रश्न वेगळाच. मनोरीचंही तसंच, मार्व्याची बोट बंद झाली की गाव बेट होतं. म्हणून कुणी किलोमीटर विचारले तर किलोमीटर सांगून थांबू नका. "दिवसा एवढा वेळ, रात्री एवढा वेळ, पावसात बोट बंद असली तर एवढा, आणि गाडीला एवढे पैसे" असं सांगा. प्रश्नावलीत जागा नसली तरी सांगा. चांगला संशोधक ते समासात लिहून घेतो.

मासळी विकणाऱ्या बायकांबद्दल मला थोडं अधिक बोलायचं आहे, कारण त्या कुठल्याच पाहणीत नीट सापडत नाहीत. पहाटे लगेजच्या डब्यात पाट्या चढवून त्या येतात, काही वसई-नायगावहून, काही पार सातपाटीकडून. आपल्या दहिसरच्या बाजारातली मावशी सकाळपासून ओल्या फरशीवर पाय मुडपून बसते. बाजारात बायकांसाठी धड सोय नसली की ती पाणीच कमी पिते. लघवीची जळजळ, गुडघे, कंबर, बर्फ आणि मिठाने चिरलेले हात, हे सगळं तिच्या धंद्याचं दुखणं. पाहणीवाले दुपारी तिच्या घरी जातात तेव्हा घरात म्हातारा सासरा असतो. तो सांगतो, "सून बाजारात गेली." झालं, घर बंद म्हणून नोंद. आणि कधी ती सापडलीच आणि विचारलं, "गेल्या पंधरा दिवसांत आजारी होता का?" तर ती म्हणते, "नाही." गुडघा दुखणं हा तिच्या लेखी आजार नाहीच. आजार म्हणजे अंथरुण धरणं.

मावशी, तुम्ही हे वाचत असाल किंवा कुणी तुम्हाला वाचून दाखवत असेल, तर एवढं माझं ऐका. जे दुखतं ते सांगा. रोज दुखतं म्हणून ते आजारातून वगळू नका. आणि "काम करता का?" असं विचारलं तर "घरीच असते" म्हणू नका. सुकट वाळवणं, वलांडीवर बोंबील घालणं, जाळं विणणं, सोलणं-निवडणं, हे सगळं काम आहे.

न सांगितलेल्या दुखण्याचं काय होतं, हे गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दाखवून दिलं. तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते संशोधन छापून आलं. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग निघाला. तक्रार सांगणाऱ्या होत्या ५५ टक्के. आणि आधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. केवळ दवाखान्याचे केसपेपर मोजले असते तर त्या गावांत जवळजवळ कुणालाच काही झालेलं नाही, असं निघालं असतं. अमर्त्य सेन यांनीही हेच वेगळ्या अंगाने मांडलं होतं: केरळमध्ये लोक आपण आजारी असल्याचं बिहारपेक्षा जास्त सांगतात, आणि तरी केरळचा माणूस जास्त जगतो. जिथे शिक्षण आणि दवाखाना आहे, तिथे माणूस दुखणं ओळखतो आणि बोलतो. जिथे नाही, तिथे सोसतो.

बंग दांपत्याने पुढे नवजात बाळांचे मृत्यू घरोघर जाऊन मोजले, गावातल्याच बायकांना बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, आणि त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. ते १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. २०११ पासून देशभर आशाताई घरी येऊन बाळाचं वजन-ताप बघतात, त्या कामाच्या मुळाशी गडचिरोलीतली ती मोजणी आहे. तिथल्या आयांनी आपलं मेलेलं बाळ मोजू दिलं, त्याबद्दल बोलायची हिंमत केली, म्हणून ते होऊ शकलं.

आता केसपेपरचं. ही आपल्या हातातली गोष्ट आहे आणि तिला पैसा लागत नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, पण त्या जिल्ह्यातल्या गंभीर रुग्णाची वाट अजून मुंबईकडे, नाहीतर वलसाड-सिल्वासाकडेच जाते. मुंबईकडे येणारी रुग्णवाहिका आपल्या चेकनाक्यावरून जाते. नातेवाईक दहिसरात असला की रुग्णालयात पत्ता त्याचा दिला जातो. वाटतं, मुंबईचा पत्ता असला तर लवकर दाद लागेल. पण जन्म आणि मृत्यू जिथे घडतो तिथे त्याची नोंद होते, असा आपल्याकडे कायदा आहे. मुंबईत दगावलेला डहाणूचा माणूस मुंबईत नोंदला जातो. त्याचं मूळ गाव कुठलं, हे फॉर्ममधल्या कायमच्या राहत्या पत्त्यावरूनच कळू शकतं. तिथेही दहिसरचा पत्ता गेला तर डहाणूच्या हिशेबात तो माणूस मेलेलाच नसतो, आणि डहाणूला तज्ज्ञ डॉक्टर कमी पडतो याचा एक पुरावा नाहीसा होतो. म्हणून खरा पत्ता लिहा. उपचार खऱ्या पत्त्यावरही मिळतात, मिळालेच पाहिजेत.

दहिसरकरांनीही नुसतं 'दहिसर पूर्व' लिहून भागवू नये. केतकीपाडा लिहा, घरटनपाडा लिहा, नदीकाठची चाळ असेल तर चाळीचं नाव लिहा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती. आपली दहिसर नदी तुळशी तलावाकडून येते, तबेल्यांमागून, झोपड्यांमधून खाडीला जाते. कुठल्या वळणावर ताप जास्त निघतो हे कळायला रुग्णाची वस्ती कळावी लागते. (याच ओघात सांगते: साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर तीन दिवसांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जा आणि लेप्टोच्या प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. पायाला जखम असेल तर त्याच दिवशी जा.) घरी कुणी गेलं तर २१ दिवसांच्या आत नोंद करा, आणि कारण लिहून देणाऱ्या डॉक्टरला आधीचे कागद दाखवा. नुसतं 'हृदय बंद पडलं' लिहू देऊ नका. हृदय शेवटी प्रत्येकाचंच बंद पडतं. ते कशाने पडलं, ते पुढच्यांसाठी कळायला हवं.

दार उघडा म्हणते आहे म्हणजे डोळे मिटून उघडा असं नाही. आमच्या ओळखीच्या एका पाड्यावर कुणीतरी येऊन लेकरांची बोटं टोचून रक्त घेऊन गेले. रिपोर्ट देऊ म्हणाले. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, कुणी फिरकलं नाही. पुढच्या वेळी खरोखर कामाची माणसं आली तेव्हा त्या पाड्याने त्यांना उभं केलं नाही. मला पाड्याचा राग येत नाही. राग येतो तो रक्त घेऊन विसरून जाणाऱ्यांचा, कारण त्यांनी एका वस्तीचा विश्वास नासवला.

हे पुन्हा होऊ नये म्हणून आपले हक्क माहीत करून घ्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ मध्ये माणसांवरच्या संशोधनाची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने काढली. त्याप्रमाणे संशोधन कशासाठी आहे हे तुम्हाला तुमच्या भाषेत सांगावं लागतं. माहितीचा कागद तुमच्याकडे ठेवून जावं लागतं. त्यावर संस्थेचं नाव, प्रमुख संशोधकाचं नाव आणि फोन असतो, नैतिकता समितीशी संपर्क कसा करायचा तेही असतं. मध्येच नको वाटलं तर थांबता येतं, आणि थांबलात म्हणून दवाखान्यातले उपचार कुणी तोडू शकत नाही. रक्त घेतलं तर विचारा, रिपोर्ट कधी आणि कोण आणून देणार, आणि काही वाईट निघालं तर पुढे कुठे पाठवणार. फोनवर आलेला ओटीपी किंवा बँकेचा खाते क्रमांक मागितला तर सरळ नाही म्हणा, आरोग्याच्या पाहणीला त्याची गरज नसते. शंका आली तर तुमच्या वस्तीतल्या आरोग्यसेविकेला बोलावून तिच्या समोर बोला. ती येणाऱ्याला ओळखत नसेल, तर त्याला दुसऱ्या दिवशी तिला घेऊन यायला सांगा.

आणि शेवटी विचारा, निष्कर्ष आम्हाला कधी सांगणार? हा प्रश्न आपण विचारतच नाही. आपल्याकडे तो विचारला गेला तेव्हा काय झालं, याची दोन उदाहरणं मला महत्त्वाची वाटतात. मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे मांडव्याला डॉ. नोशीर अँटिया यांनी सत्तरच्या दशकात काम सुरू केलं. ते जे. जे. रुग्णालयातले नामवंत प्लास्टिक सर्जन, कुष्ठरुग्णांचे हात-चेहरे दुरुस्त करणारे. १९७५ मध्ये त्यांनी सामाजिक आरोग्याच्या संशोधनासाठी संस्था काढली. मांडव्याच्या आसपासच्या गावांतल्या कमी शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं, आणि त्या बायकांनी क्षयाचे, कुष्ठाचे रुग्ण शोधले, बाळंतपणं सांभाळली. बायका बोलायला लागल्या, हिशेब मागायला लागल्या, तेव्हा स्थानिक पुढाऱ्यांना ते रुचलं नाही आणि काम बंद पडलं. ज्ञान लोकांच्या हातात गेलं की कुणाला तरी ते खुपतं, याचा हा पुरावा आहे. दुसरं उदाहरण आशेचं आहे. २००७ पासून महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. त्यात तेव्हाचा ठाणे जिल्हाही होता, म्हणजे आजचं पालघर त्यात आलं. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राला गुण दिले, जनसुनवाईत उभं राहून डॉक्टर कधी नसतो, औषध कुठलं नसतं, हे अधिकाऱ्यांच्या तोंडावर सांगितलं. बऱ्याच ठिकाणी त्यानंतर कारभार सुधारला. दहिसर-गोराईला असं कुणी येईपर्यंत थांबायची गरज नाही. गणेशोत्सव मंडळ आहे, नारळी पौर्णिमेची समिती आहे, मच्छीमार सोसायटी आहे, बचत गट आहेत. वर्षातून एक संध्याकाळ फक्त आरोग्याच्या हिशेबाला द्या.

संशोधकांनाही एक विनंती. तुम्ही देवनारहून या, परळहून या, परदेशातल्या विद्यापीठातून या. जूनच्या सुरुवातीपासून जुलैअखेरपर्यंत मासेमारी बंद असते. तेव्हा कोळीवाड्यात आलात तर पुरुष घरी सापडतील, पण त्या दोन महिन्यांची मिळकत विचारून वर्षाचा हिशेब मांडू नका. बायकांना भेटायचं तर बाजारात या, मासळी संपल्यावर. 'तंबाखू खाता का' विचाराल तेव्हा मशेरी, तपकीर, विडी वेगवेगळी विचारा. आणि नकाशावर गोराई 'शहर' म्हणून रंगवण्याआधी एकदा रात्री साडेबाराला तिथून बोरिवलीच्या रुग्णालयात पोचून पाहा.

२०११ नंतर देशाची जनगणना झाली नाही. पुढची १ मार्च २०२७ या दिवसाच्या हिशेबाने होणार असल्याचं सरकारने जाहीर केलं आहे. तिच्यामागून आरोग्याच्या पाहण्याही येत राहतील. सासूबाई आता नाहीत. त्यांचं ते 'नाही' अजून कुठल्यातरी तक्त्यात असेल, ते मला खोडता येत नाही. तुमचं उत्तर अजून तुमच्या तोंडात आहे. पुढच्या वेळी अशी मुलगी दारात आली की तिला आत बोलवा, पंखा लावा, पाणी द्या. सगळं खरं सांगा. मग तिचा टॅब आपल्याकडे वळवून घ्या आणि विचारा: "यात आमच्या पाड्याचं नाव कुठे लिहिलंस, दाखव."